तिसरी घागर

भुतं रात्री निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा उन्हाळ्यात अकोल्याला यावं. दुपारी बारा ते चार. रस्त्यावर कुत्रं नाही, झाडावर कावळा नाही, डांबर मऊ झालेलं आणि घराघरांतून कूलरची घरघर. अशा वेळी दाराची कडी वाजली तर शेजारचा आला असेल असं आमच्याकडे कोणी समजत नाही. शेजारच्याला अक्कल असते.

मी गोष्टी सांगणारा माणूस. अमरावतीत आमच्या नातलगांच्या लग्नात मला पंगत उठल्याशिवाय तोंड उघडू देत नाहीत, कारण मग ताटं गार होतात. त्यातही आवाज काढणं ही माझी खास कला. कापूस मोजून घेणारा व्यापारी, विहिणीवर रुसलेली विहीण, परतवाड्याच्या जीपमध्ये अठरावा माणूस कोंबणारा ड्रायव्हर, सगळे माझ्या गळ्यात राहतात. या कलेचा पहिला प्रयोग कुठे झाला हे मात्र मी चाळीस वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. तो अकोल्याला झाला, आमच्या आत्याच्या घरी, दाराच्या आतल्या बाजूला. तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. लग्नानंतर वर्षभरात विधवा होऊन माहेरी परत आली, ती त्याच घरात आजही राहते. दर अक्षय तृतीयेला मी तिच्याकडे जातो, कारण त्या दिवशी आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात. कोरी मातीची घागर, तिच्यात गार पाणी, वाळा, तोंडावर आंबा. विस्तवावर तूप आणि पुरणपोळीचा घास टाकायचा, शेजारी चिंचवणीची वाटी. गेलेलं माणूस त्या घागरीवर वर्षाची तहान भागवतं म्हणतात. आत्याच्या घरी दोनच घागरी भरल्या जात. एक आजीची, एक माझ्या वडिलांची.

खरं तर चार व्हायला हव्या होत्या. चौथी धाकट्या काकाची. पण काका मेला असं कोणी पाहिलेलं नाही. तो विशीत घरातून गेला आणि आला नाही. "जित्या मानसाची घागर भरत नसतात," आत्या म्हणायची, आणि विषय संपायचा. तिसरी माझ्या आजोबांची, ज्यांना सगळं घर आबाजी म्हणायचं. त्यांची घागर आत्या भरत नसे. ते मेले हे सगळ्यांनी पाहिलं होतं; आत्यानं तर अगदी जवळून.

आता परवाचीच गोष्ट. सणाच्या आदल्या दिवशी मी माझ्या अकरावीतल्या लेकीला घेऊन आत्याकडे गेलो. दुपारी लेकीनं टीव्हीला मोबाइल जोडला आणि भुताचं जपानी कार्टून लावलं.

"पप्पा, कार्टून नाही. ॲनिमे."

"तेच ते. डोळे मोठे, जेवण कमी."

"आजी, यांना बाहेर काढा ना."

आत्या हसली नाही. ती पोळपाट बाजूला ठेवून बघत बसली होती. कार्टूनमधले हिंदीत बोलत होते, त्यामुळे तिला सगळं कळत होतं. एका शाळकरी मुलीचा भाऊ हरवलेला. पोलीस थकले, आईबाप थकले. ती मुलगी मात्र रोज भर दुपारी उंबऱ्यावर पाण्याची वाटी ठेवते आणि भावाला ज्यानं घालवलं त्याचं नाव घेते. वाटीतलं पाणी आपोआप कमी होतं. आणि तिकडे गावात त्या माणसाला तहान लागते. तो ग्लास पितो, मडकं पितो, नळाला तोंड लावतो, शेवटी नदीत वाकतो. पाण्यात त्याचा चेहरा दिसायला हवा, तर दिसतो त्या हरवलेल्या मुलाचा. मुलगा वर हात काढतो...

आणि लाइट गेली.

"हट्!" लेक ओरडली.

अंधुक खोलीत आत्याचा आवाज आला. "उद्याले दोन नाही, तीन घागरी आन."

मला वाटलं, म्हातारी थकली, भाऊ गेला हे तिनं कबूल केलं. मी म्हणालो, "काकाची भरतेस?"

"त्याची काहून भरू? तो हाये." तिनं पीठ पुन्हा जवळ ओढलं. "आबाजीच्या नावानं ठेवतो. पन पाटावर नाही. उंबऱ्यावर. थ्या पोरीनं ठेवली तशी."

आता मला तो प्रयोग सांगायला हवा.

काकाचा त्या दिवशी बारावीचा निकाल होता. दोनदा बसून झालं होतं, हा तिसरा निकाल. तो पाहायला तो सकाळीच गेला होता. मी सुट्टीत तिथे राहायला आलेलो. दुपारी आबाजी मागच्या खोलीत झोपलेले, आत्या शेजारी कुरडयांना गेलेली. कडी वाजली. फटीतून पाहिलं तर काका, घामानं निथळलेला. आबाजींना बोलण्याआधी दोनदा खाकरायची सवय होती. तो खाकरा मला आदल्याच आठवड्यात जमला होता आणि तो कोणावर तरी चालवून बघायची मला भयंकर घाई झाली होती.

मी दोनदा खाकरलो. आणि जाड आवाजात म्हणालो, "नापास झाला वाट्टे! पानी बी भेटनार नाही इथं. जाय, जिकून आला तिकून!"

मग तोंडावर हात दाबून मी वाट बघितली. तो हसेल, शिव्या देईल, दारावर लाथ मारेल. काही झालं नाही. मी खिदळत दार उघडलं. गल्ली पांढरीफटक. कोणी नाही. तो खरंच नापास झाला होता हे मला कुठे माहीत?

कोपऱ्यावरच्या सायकलवाल्यानं नंतर सांगितलं, पोरगा इथे पाणी प्यायला आणि म्हणाला, आबाजीनं घरात पाणीसुद्धा नाकारलं. कोणी म्हणे तो परतवाड्याला जीपमधून मेळघाटाकडे जाताना दिसला. माणसं जाऊन आली, काही हाती लागलं नाही. आबाजी शपथेवर सांगत राहिले, मी झोपलो होतो, मी काही बोललो नाही. त्यांच्यावर विश्वास ठेवणारं घरात एकच माणूस होतं, आणि ते नऊ वर्षांचं होतं, आणि ते गप्प होतं. आत्या त्यानंतर अकरा वर्षं, आबाजी जाईपर्यंत, त्याच घरात त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. ताट सरकवायची आणि पाठ फिरवायची.

तर परवा, सणाच्या आदल्या संध्याकाळी घागरी आणायला मी आणि लेक कुंभाराकडे गेलो. वाटेत मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या कार्टूनचा शेवट काय गं?"

"मी आधी पाहिलंय. ती मुलगी चुकीचं नाव घेते. तो माणूस निर्दोष असतो."

"मग?"

"मग तो भाऊ परत येतो, पण तिच्यासाठी. जिनं खोटं नाव घेतलं तिलाच तहान लागते." तिनं घागर टिचकी मारून पाहिली. "पप्पा, तुमचा चेहरा असा काय झाला?"

"घागरी उचल आधी," मी म्हणालो.

तुम्ही हसा. मीही हसलो असतो. पण आत्याला गेल्या वर्षीच शेजारच्यांनी दवाखान्यात नेऊन सलाइन लावलं होतं. अंगातलं पाणी कमी झालं म्हणाले. रात्रभर मला तेवढंच आठवत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सगळं नेहमीसारखं झालं. दोन घागरी पाटावर, आंबे, विस्तव, घास. बाराच्या सुमाराला आत्यानं तिसरी घागर उचलली, उंबऱ्याच्या बाहेर नेऊन ठेवली. तोंड उघडं. आंबा नाही, वाळा नाही. उंबऱ्याच्या आत ती मांडी घालून बसली. लेक तिच्यामागे, डोळे चमकताहेत. तिला हे सगळं फार आवडलं होतं.

"माह्या भावाले," आत्या म्हणाली, साधी भाजी मागावी तशी, "ज्यानं या दारातून तहानलेला धाडला..."

"आत्या, थांब."

"काहून?"

"नाव चुकतंय."

तिनं मान वळवली. "तू काय सायकलवाल्यापक्षा जास्त पायलं?"

मला बोलायचं होतं. सगळी वाक्यं तयार होती, आयुष्यभर तीच तर घोकत आलो. पण तोंडातून माझा आवाज निघेना. जो निघाला तो दुसराच. मी दोनदा खाकरलो. आणि ते वाक्य जसंच्या तसं आलं, पाण्यासकट, तिकूनसकट.

लेकीनं टाळी वाजवली. "पप्पा, भारी! कोणाचा आवाज?"

आत्या उठून उभी राहिली होती. आबाजी खोलीत आले की ती उभी राहायची, मी लहानपणी पाहिलं होतं. तीस वर्षांनंतर गुडघे आपोआप उठले होते. लेकीनं तिचं तोंड पाहिलं आणि टाळी हातातच राहिली.

"तू व्हता?"

"मी होतो. गंमत केली होती."

"खाकरा बी तुहाच?"

"माझाच."

ती भिंतीला टेकली. मग फार हळू विचारलं, "आबाजीले माहीत होतं?"

हे मला सांगायचं नव्हतं. आबाजी गेले त्या दुपारी त्यांनी पाणी मागितलं होतं. आत्यानं पेला भरला, पण त्यांच्याकडे न बघता माझ्या हातात दिला. मी पाजलं. दोन घोट घेतल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आवाज चांगला काढतं तू." बस, तेवढंच.

मी ते सांगितलं. आत्यानं पदर तोंडात धरला. रडली असेल, आवाज आला नाही. मग तिनं बाहेर जाऊन उंबऱ्यावरची घागर उचलली, आत आणली, पाटावर त्या दोन घागरींच्या ओळीत ठेवली, वर आंबा ठेवला, विस्तवावर घास टाकला आणि दार लावून घेतलं. मला वाटलं, सुटलो. मूर्ख माणूस! माझा घसा कोरडा पडला होता. मी पेला घेतला आणि माठाकडे हात नेला.

"ठेव थो पेला."

मी ठेवला.

"बस दारामांगं. त्याच आवाजानं घालवला ना? त्याच आवाजानं बोलाव. तोवर पानी नाही तुले."

मी बसलो. एक्कावन्न वर्षांचा माणूस दाराला पाठ लावून दोनदा खाकरतोय आणि म्हणतोय, "ये बाप्पा, घरात ये. पानी पे." लोकांसमोर केलं असतं तर हशा झाला असता. तिथे कोणी हसत नव्हतं. दहा वेळा, वीस वेळा. लाइट पुन्हा गेली, कूलर थांबला, आणि माझा आवाज मलाच मोठा ऐकू यायला लागला. जीभ टाळूला चिकटत होती. पन्नाशी ओलांडल्यावर तहान म्हणजे रक्तातली साखर असते हे मला ठाऊक आहे. तरी मी पाटावरच्या घागरींकडे बघत नव्हतो.

कडी वाजली.

एकदाच. लू सुटली असेल, गरम वाऱ्यानं वाजली असेल, मी लगेच मनाशी म्हणालो.

"उघड," आत्या म्हणाली.

मी उघडलं. गल्ली पांढरीफटक. कोणी नाही. फक्त उंबऱ्याबाहेर, तिसरी घागर ठेवली होती तिथे, फरशीवर पाण्याचं गोल वळं होतं. घागर आत नेऊन तास तरी झाला असेल. अकोल्याच्या त्या उन्हात सांडलेलं पाणी दोन मिनिटं टिकत नाही. वळं ओलं होतं.

आत्या वाकली. त्या ओलीवर तिनं तळहात ठेवला आणि तसाच ठेवून राहिली.

"पेला," ती म्हणाली.

मग तिनं स्वतः माठातून पाणी काढलं आणि पेला माझ्या हातात दिला, यावेळी माझ्याकडे बघून. "पुढच्या साली बी येजो," म्हणाली. "आवाज घेऊन येजो."

अमरावतीला परतताना बसमध्ये लेक खिडकीबाहेर बघत होती. मोबाइल पर्समध्ये होता, ही नवलाची गोष्ट. बडनेरा आलं तेव्हा ती म्हणाली, "पप्पा, कडी वाजायच्या जरा आधी तुम्ही मागच्या खोलीत गेला होता का?"

"का गं?"

"तिथून कोणीतरी दोनदा खाकरलं. तुम्हीच ना?"

"मीच," मी म्हणालो. "अजून कोण?"

या सगळ्या गोष्टीत मी मारलेली तेवढी एकच थाप.