थांबगं काकू

"थांब गं, बिल काढू नकोस," म्हणत त्या सामान माझ्या काउंटरवर टाकून परत आत पळायच्या, म्हणून आम्ही त्यांचं नावच 'थांबगं काकू' ठेवलं होतं. अंबरनाथ पूर्वेच्या एका सुपरमार्केटात मी कॅशवर बसते. काकूंचं आणि माझ्या मशीनचं सदा वाजायचं. मशीन एक भाव दाखवायचं, काकूंच्या मते रॅकवर दुसराच लिहिलेला. मग त्या रॅकवरची भावाची पट्टीच उपटून आणायच्या आणि माझ्या नाकासमोर धरायच्या. मागे रांगेची चुळबुळ, इकडे माझा जीव टांगणीला.

एकदा मागचा मुलगा वैतागून म्हणाला, "आंटी, पाच रुपये का लफडा है, मैं देता हूँ ना."

काकू वळल्या. "तू कशाला देशील बाबा? भाव चुकलाय, एवढंच म्हणते मी."

बऱ्याचदा चुकायच्या त्या स्वतःच. तुरीची म्हणून मसुरीची पट्टी आणलेली असायची. पण त्यांचा सगळा संसार उल्हासनगर कॅम्पातल्या दुकानांत घासाघीस करून उभा राहिलेला. तिथली रीत अशी, की आपण भाव बोललो आणि शेठ हो म्हणाला, की माल घ्यायचाच. ती रीत त्या इथेही पाळायच्या. "आता बोलले ना, दे," म्हणून तूर ठेवून मसूर घेऊन जायच्या. घरी मसूर कुणी तोंडात घालत नाही, हे त्यांनीच मला सांगितलेलं. अशा बाईवर रागवायचं तरी कसं?

मॅनेजर रागवायचा, तो माझ्यावर. नवऱ्याची कंपनी बंद पडल्यापासून घर माझ्याच पगारावर चाललेलं. त्यामुळे काकू दारात दिसल्या की मी आधी मॅनेजर कुठे आहे ते बघायचे, आणि नाही दिसल्या तर करमायचं नाही.

दिवाळीच्या गर्दीत त्या तेलाची पट्टी घेऊन आल्या. या वेळी त्यांचंच बरोबर होतं. मॅनेजरने पट्टीकडे पाहिलंही नाही. "मॅडम, तुम्ही नेहमी हिची लाइन अडवता. आता अजून एकदा झालं ना, तर हिला घरी बसवणार मी."

"हिला का? मशीनमध्ये भाव हिने टाकला?"

त्याने मागच्या गिऱ्हाइकाला हातानेच पुढे बोलावलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, पट्टी खाली ठेवली आणि मशीन म्हणेल तेवढे पैसे देऊन निघून गेल्या.

तेव्हापासून त्या टोकाच्या काउंटरवर जातात. माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. माझी रांग आता भराभर सरकते, नोकरी शाबूत आहे आणि मला घडीभर स्वस्थ बसवत नाही. आज तरी भांडतील म्हणून कान सारखे तिकडे लागलेले असतात. परवा डबा खाताना टोकाला बसणारी नवी मुलगी म्हणाली, "ताई, ती आंटी किती शांत आहे ना. कधी बिल पण बघत नाही."

मी अर्ध्या डब्यालाच झाकण लावलं.