मुशीची हाडं

समुद्र मी तोवर फक्त कॅलेंडरवर पाहिला होता. तरीही पिंपरीच्या कामगार वसाहतीत ‘दलदलीतली शिकारी वनस्पती आणि खोल समुद्रातली मुशी’ या विषयावर व्याख्यान द्यायला मी एका पायावर तयार झालो. कारण पहिल्या रांगेत चिपळूणकडचे एक फिटर बसणार होते. त्यांच्या मुलीसाठी माझं स्थळ गेलं होतं, आणि मुलगा कसा आहे ते बघायलाच ते येणार, असं मध्यस्थाने बजावलं होतं. एरवी मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत बाटल्या धूत असे. त्या दिवशी मात्र शास्त्रज्ञ दिसायचा बेत होता.

पवनेकाठच्या डबक्यातली वनस्पती बरणीत घालून नेली. “ही दिसायला साधी, पण जिवंत किडे खाते,” मी आवाज चढवून म्हणालो.

“व्हय, आन् तिला आमच्या म्हशी खात्यात!” मागून एक गाववाला ओरडला.

मी घाईने मुशीकडे, म्हणजे शार्क माशाकडे वळलो. फळ्यावर ती झकास रंगवली होती. हिरवे डोळे, आणि पोटात फणीच्या दातांसारखे ओळीने काटे. “या पोलादी हाडांच्या जोरावर ती खोल पाण्याचा भार सोसते!”

फिटर सावकाश उठले. “अहो, मुशीला हाडच नसतं. आतलं सगळं चावून खाता येतं. आमच्याकडे बाळंतिणीला मुशीचं कालवण देतात, ते काय उगाच?”

बायकांच्या बाजूने फिसकन हसू आलं. त्यात फिटरांची मुलगीही होती, हे न बघताच कळलं.

झालं, स्थळ बुडालं! फडकं सापडेना, म्हणून नव्या सदऱ्याच्या बाहीनेच मी सगळी हाडं पुसली. मग बरणीतली वनस्पती उचलून धरली. खाली नुसते तंतू लोंबत होते, आणि मला पुस्तकातलं एक वाक्य आठवलं.

“मंडळी, हिला मूळ नसतं. हिला मूळ नाही, तिला हाड नाही, आणि वक्त्याला अक्कल नाही. तरी तिघांचं बरं चाललंय!”

टाळ्या पडल्या. जाताना फिटर मध्यस्थाला म्हणाले, “पोरगा थापाड्या आहे. पण चुकलं की पुसतो. चालेल.”

लग्नानंतर सासरच्या पहिल्याच जेवणात मुशी होती. नदीतले काटेरी मासे खाऊन वाढलेला मी, सवयीने प्रत्येक घास चाचपत होतो. मान वर केली तर अख्खं घर जेवायचं थांबलेलं.

“सापडलं का हाड, जावईबापू?” सासऱ्यांनी विचारलं. “थांबा, फळा आणतो.”