पाठ टेकायला

माझी नात कॉलेजात मोठमोठी कामं कशी पार पाडायची ते शिकती. काल तिच्या कॉम्प्युटरवर रंगीत पट्ट्या आडव्या मांडलेल्या दिसल्या. मी म्हणलं, "ह्या गं काय, साड्या वाळत घातल्यात?"

ती हसली. "आज्जी, कुठलं काम कधी सुरू होणार, कधी संपणार, ते आहे हे. आधीचे लोक नुसता वेळ आणि खर्च बघायचे. काम करणाऱ्या माणसाचा विचार पुस्तकात लई उशिरा आला."

ते मला पटलं. धरणाच्या कामावर आम्ही बाया मातीच्या पाट्या वाहायचो. जरा कुठं पाठ टेकली आन् लांबनं मुकादमाची छत्री दिसली, की झटक्यानं ताठ व्हायचो. त्यानं कधी शिवी दिली न्हाई. नुसता बघायचा.

एवढं मनात चाललं व्हतं, तवर माझी नजर सैपाकघरात गेली. सून सकाळधरनं उभीच व्हती. ओट्याला पाठ टेकून तिनं डोळं मिटलं व्हतं. उघडलं, तर मी तिच्याकडंच बघत व्हते. ती झटक्यानं ताठ झाली.

"चहा ठेवते, आत्याबाई."

मी सुनेला कधी वाकडं बोलले न्हाई, ह्याचा मला लई तोरा व्हता. आता मान वर हुईना. मग मी खुर्ची फिरवली आन् भिंतीकडं तोंड करून बसले.

जरा वेळानं मागनं आवाज आला. परत पाठ टेकताना तिच्या बांगड्या ओट्याला लागल्या व्हत्या.