मांडीवरचं काम

मुलांना गाडीत गप्प बसवणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण मुक्काम आल्यावर "उतरायचं नाही, अजून फिरवा" असं मुलाला म्हणायला लावणारी व्यक्ती मी आयुष्यात एकच पाहिली, आणि ती म्हणजे माझी मोठी आई. मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. मोठे बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. अल्लीपूरला चार एकर कपाशी, दोन शेळ्या, आठ-दहा कोंबड्या आणि रोज सकाळी गावचं बुद्धविहार झाडून येण्याचा स्वतःहून घेतलेला नेम, एवढा तिचा संसार. तिला मोबाइलवर कार्टून लावता येत नाही. तिला गाणं येत नाही. गोष्ट तर ती इतकी वाईट सांगते, की राजा दुसऱ्याच वाक्यात मरतो आणि "मंग काय, खतम" असं म्हणून ती पदर झटकते. तरीही माझ्या मुलीला, सांचीला, गाडीत आठ-आठ तास बसवून दाखवण्याचा चमत्कार तिनं केला आहे आणि मी तो पुढच्या सीटवरून याची देही याची डोळा पाहिला आहे.

सांचीबद्दल आधीच सांगून टाकलेलं बरं. माझी मुलगी गुणी आहे, पण गाडीचं दार लागलं की तिच्या अंगात काहीतरी संचारतं. पहिल्या पाच मिनिटांत पाणी, दहाव्या मिनिटाला शू, पंधराव्या मिनिटाला "कधी येणार?" आणि त्यानंतर ओकारी. आम्ही नवराबायकोनं सगळे उपाय करून पाहिले. बायको शाळेत शिक्षिका आहे, चाळीस पोरं एका नजरेत बसवते. तिनं रंगपेट्या, कोडी, बोटातल्या बाहुल्या अशी एक थैलीच तयार केली होती. ती थैली गाव सुटायच्या आत संपायची आणि मग बोटातल्या बाहुल्या माझ्या कानामागे यायच्या.

मोठ्या आईनं ती थैली एकदा उघडून पाहिली आणि बायकोला परत दिली. म्हणाली, "पोराले खेळनं नाई लागत वं बाई. पोराले काम पायजे. मोठ्या मानसाचं काम."

हे तिचं शास्त्र वावरातलं. कापूस वेचायला पंचवीस-तीस बाया लागायच्या, त्यांची लेकरं धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, आणि त्या सगळ्यांवर देखरेख मोठ्या आईची. एकाही पोराला ती "खेळ जा" म्हणायची नाही. हुद्दा द्यायची. मी पाच वर्षांचा असताना माझ्याकडे पाण्याची घागर होती. बाभळीची सावली सरकली की घागर सरकवायची, एक क्षणही उन्हात राहू द्यायची नाही. "पानी तपलं तं तीस बाया तहानेनं मरतीन," असं तिनं मला बजावलं होतं. मी दिवसभर जमिनीवरच्या सावलीच्या काठाकडे डोळे लावून बसायचो. तीस बायांचा जीव माझ्या हातात आहे या विचारानं मला भूक लागायची नाही. बाभळीपलीकडे वीस पावलांवर बिनकठड्याची विहीर होती आणि मला तिच्याकडे जायला एक क्षणही मोकळा मिळू नये, हीच त्या घागरीची खरी योजना होती, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं.

तर हे शास्त्र तिनं माझ्या गाडीत आणलं. आम्ही आर्वीला, माझ्या सासुरवाडीला निघालो होतो. मोठी आई मागच्या सीटवर बसली, पिशवीतून स्टीलचा डबा काढला, त्यात कोमट दूध होतं. त्यात तिनं विरजण घातलं, झाकण लावलं आणि डबा सांचीच्या मांडीवर ठेवला. "हे पाय माय. आर्वी येईस्तोवर याचं दही लागलं पायजे. हाललं का बिघडलं. तुह्या बापाले गाडी नीट चालवता येत नाई, त्याच्यावर ध्यान ठेव." झालं! तेव्हापासून ती गाडी माझी राहिली नाही. "बाबा, गतिरोधक!" "बाबा, खड्डा!" "बाबा, तुम्ही आत्ता काय केलं?" मी दुसऱ्या गिअरमध्ये चाललो होतो. मागे एसटी लागली, भोंग्यावर भोंगे. शेवटी ती शेजारी आली आणि ड्रायव्हरनं मान बाहेर काढून विचारलं, "काऊन जी, गाडी बिमार आहे का?" मी काही बोलायच्या आत सांची खिडकीतून ओरडली, "दही लागून राह्यलं!" ड्रायव्हरनं डब्याकडे पाहिलं, गंभीरपणे मान हलवली, "मंग बरोबर आहे," म्हणाला आणि भोंगा न वाजवता पुढे गेला. आर्वीला सासूबाईंनी डबा उलटा धरला तरी दही जागचं हललं नाही. सांची त्या दिवशी एकदाही ओकली नव्हती. ओकायला वेळच नव्हता.

मोठ्यांनाही ती सोडत नाही. आष्टीला एका लग्नाला जाताना माझे चुलतसासरे आमच्या गाडीत होते. हे गृहस्थ स्वतः कधी गाडी चालवत नाहीत, पण दुसऱ्याची गाडी तोंडानं चालवतात. "दाब, दाब, आता काप, अरे काप ना!" मोठ्या आईनं त्यांच्या मांडीवर वाळलेल्या कुरडयांचं ताट ठेवलं आणि विनयानं म्हणाली, "भाऊ, हे पोरीच्या रुखवताचं आहे. तुमच्याबिगर कोनाच्या हातात द्याची हिंमत नाई होत." आष्टी येईपर्यंत त्यांनी श्वासही बेतानं घेतला. मला त्या दिवशी तिच्या पाया पडावंसं वाटलं होतं.

हे सगळं हसण्यावारी होतं तोवर ठीक होतं. मग माझी नाशिकला बदली झाली.

आम्ही दोघं नोकरीवाले, अल्लीपूरहून रोज हिंगणघाटला जाणारे, त्यामुळे सांची सहा वर्षांची होईतो मोठ्या आईच्याच हाताखाली वाढली होती. तिच्या जिभेवर गावची बोली होती, तिच्या झोपेला मोठ्या आईच्या लुगड्याचा वास लागायचा. बदलीचं कळलं तशी ती पलंगाखाली जाऊन बसली. "तुम्ही जा. मले नाई यायचं," एवढंच म्हणाली आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. आदल्या वर्षी दोन दिवसांसाठी तिला नागपूरला नेलं होतं तर रडून रडून ताप भरला होता. आता तर कायमचं जायचं होतं. बायको रात्री मला म्हणाली, "आपण तिला उचलून गाडीत घालू, पण ती हे कधी विसरणार नाही." मोठ्या आईला आमच्याबरोबर राहायलाच चल म्हणून पाहिलं. ती म्हणाली, "अन् वावराले कोन पाहीन, तुहा साहेब?" पोचवायला येईन आणि चार दिवसांनी रेल्वेनं परतेन, एवढं मात्र कबूल केलं.

"निंगाचं कधी?" तिनं विचारलं. मी तारीख सांगितली. ती भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली, बोटांवर काहीतरी मोजलं, आणि चारच दिवसांनी तिनं उबवणीला आलेल्या खुडूक कोंबडीखाली सात अंडी मांडली. मला रागच आला होता. इथे आमचं घर उठतंय, लेकरू जेवत नाही, आणि ही बाई कोंबड्या बसवते! मी तिला बोललोही तसं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि कोंबडीपुढे पाण्याची वाटी सरकवली.

निघायच्या सकाळी ती टोपली घेऊन आली. टोपलीत गवत, गवतात सात अंडी, अंड्यांवर फुगून बसलेली कोंबडी, वरून ओढणी. कोंबडी बसवल्यापासून तो एकविसावा दिवस होता. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमचं घर उठणार हे कळल्यावर या बाईनं पहिलं काय केलं होतं, तर या दिवसापासून एकवीस दिवस मागे मोजले होते.

सांची अंगणात शेळीच्या गळ्यात हात घालून बसली होती, उठायला तयार नव्हती. मोठी आई तिला समजवायला गेली नाही. गाडीत टोपली ठेवून तिथूनच म्हणाली, "सांचे, आज पिल्लं निंगतीन. माह्या कानाले आता बारीक आवाज आयकू नाई येत. कोनी आतून चिव केलं का मले कसं समजन?" शेळीच्या गळ्यातले हात सुटले. सांची गाडीत येऊन बसली आणि टोपलीला कान लावला. "एक हाये," मोठी आई पुढे म्हणाली, "इथं रडाचं नाई. रडलं का कोंबडी बिचकते, उठून जाते, अंडे थंडे होते. रडाचं असन तं मुक्कामावर पोचल्यावर. तवा मी आहोच."

गल्लीतली माणसं हात हलवत होती. सांचीचा कान टोपलीला. विहार मागे पडलं, शाळा मागे पडली, आमचं वावर गेलं. तिनं एकदाही मागे पाहिलं नाही. आरशात बघून डोळे पुसणारा गाडीत मी एकटाच होतो.

वर्ध्याजवळून समृद्धी महामार्गाला लागलो. मे महिना. मोठ्या आईनं एसी बंद करायला लावला, अंड्यांना गार हवा चालत नाही म्हणून. आम्ही चौघं त्या गाडीत अक्षरशः उबत होतो. बायकोच्या कपाळावरून घाम गळत होता, पण तक्रार करायची सोय नव्हती, सांची ओठांवर बोट ठेवून बसलेली. कारंजा मागे पडलं आणि ती दचकून सरळ झाली. "आजी! चिव केलं!" त्यानंतर अंड्याला पहिली टोच पडली. नाक्यावर पावती देणाऱ्या माणसानं आवाज ऐकून गाडीत डोकं घातलं आणि मागे रांग लागली तरी काढेना. पेट्रोल पंपावर चार ट्रकवाले दाराशी जमले. त्यांतल्या एका धिप्पाड मिशीवाल्यानं, "बेटी, कितने हुए?" असं इतक्या हळू आवाजात विचारलं, की मला गहिवरून आलं. सिन्नर येईपर्यंत पाच पिल्लं झाली होती. दोन अंडी तशीच राहिली.

"हे दोन काऊन नाई निंगाले?" सांचीनं विचारलं.

"सगळेच नाई निंगत, माय," मोठी आई म्हणाली.

नाशिकला तळमजल्यावर भाड्याचं घर होतं, मागे थोडी मोकळी जागा. टोपली तिथे उतरवली. मोठी आई कोऱ्या फरशीवर पाय पसरून बसली आणि म्हणाली, "ये सांचे. तुहं काम झालं. आता रड." आणि ती रडली. सकाळपासून जपून ठेवलेलं सगळं त्या मांडीत रडली, शेळीचं नाव घेऊन, गल्लीतल्या मैत्रिणींची नावं घेऊन. मोठी आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिनं एकदाही उगी म्हटलं नाही.

चार दिवसांनी सकाळच्या गाडीनं ती परत निघाली. स्टेशनवर काय होईल या धास्तीनं आम्ही दोघं अर्धमेले झालो होतो. ती आयुष्यात पहिल्यांदा एवढा लांबचा प्रवास एकटी करणार होती. खिडकीशी बसली होती, हातात काही नव्हतं, आणि मी तिच्याकडे पाहिलं तर तिचा चेहरा मला ओळखू येईना. इतकी रिकामी मी तिला कधीच पाहिली नव्हती. सांचीनं माझ्या हातातून आपली छोटी थैली घेतली, त्यातून डबा काढला आणि खिडकीच्या गजांतून आत दिला. डब्यात कापूस आणि कापसात पाच पिल्लांची रिकामी टरफलं. "आजी, हे गावाले नेजो. एकबी फुटलं नाई पायजे. म्या आली का मोजीन. अन् रडजो नको, हात हालते." मोठ्या आईनं दोन्ही हातांनी डबा मांडीवर घेतला. गाडी हलली तेव्हा ती डब्याकडे पाहत होती.

दिवाळीला आम्ही अल्लीपूरला गेलो. डबा फडताळात वरच्या फळीवर होता. वाटेत कुठली स्टेशनं लागली, काय पाहिलंस, असं मी मोठ्या आईला विचारलं तर ती म्हणाली, "मले कुठी फुरसत होती, बाबू? काम होतं ना मांडीवर." शेजारणी म्हणत होत्या, पोरगी गेल्यापासून म्हातारीच्या डोळ्यांत एकदाही पाणी पाहिलं नाही, भलती कठीण बाई. सांचीनं डबा खाली घेतला, कापूस उलगडला, एकेक टरफल उजेडात धरून पाहिलं. पाचही साबूत होती.

"बरोबर आहे," ती म्हणाली. डबा तिनं बाजूला ठेवला आणि मोठ्या आईच्या शेजारी जाऊन बसली. "झालं तुहं काम, आजी. आता रडली तं चालते."