पाळणाघरातली आठ मुलं

सव्वादहाला कॉलरची लाइन पुन्हा थांबली. सलग तिसरा दिवस. केबिनच्या काचेतून मला विमल जाधवचं रिकामं स्टूल दिसत होतं. शेजारी कॉलरचे गठ्ठे वाढत होते.

सातपूरच्या आमच्या फॅक्टरीत एक्स्पोर्टचे शर्ट शिवले जायचे. अख्खा शर्ट एक बाई शिवत नाही. एकीने कॉलर शिवायची, दुसरीने उलटवायची, तिसरीने जोडायची. मधलं एक मशिन थांबलं की पुढच्या सगळ्या बसून राहतात.

मी पर्सोनेल असिस्टंट, नोकरीला चार महिने झालेले. इंग्लिश मीडियममध्ये शिकलेली, त्यामुळे फ्लोअरवर जपूनच बोलायचे. पण बसण्याची नवी व्यवस्था माझी होती. पूर्वी बायका आपापल्या कॉलनीतल्या शेजारणींना धरून बसत. मी स्टॉपवॉच लावून प्रत्येकीची टेस्ट घेतली, चार्ट केला आणि त्यांना हजेरीच्या नंबराप्रमाणे बसवलं. तेव्हापासून लाइन अडखळत होती.

मॅनेजर बर्वेसाहेब दारात येऊन उभे राहिले.

"मिस सोनवणे, शनिवारी शिपमेंट आहे. जाधवला दोन मेमो झालेत. आज टर्मिनेशन लेटर टाइप करा. पाचला सही करतो."

"सर, कारण काय लिहू?"

"मशिन सोडून जाते. जे घडतं ते लिहा."

जे घडतं ते मला माहीतच नव्हतं. टाइपरायटरवर कागद चढवला, काढला, पुन्हा चढवला. शेवटी खाली गेले.

सुपरवायझर गायकवाडबाई धाग्याची रिळं मोजत होत्या.

"विमल कुठे जाते?"

"येईल की."

"रोज जाते?"

"रोजच. आधीबी जायची. तुम्हाला दिसलं नाही, कारण शकू आन रंजना तिच्या दोन्ही अंगाला बसायच्या. तिचे पीस त्या उरकायच्या. आता तुमच्या चार्टात शकू कफला, आन रंजना पार खिडकीशी."

"पण टेस्टमध्ये सगळ्यांचे टाइम जवळपास सारखे होते. मला वाटलं कुठेही बसवलं तरी चालेल."

"घड्याळ लावलं की बाया एकमेकींकडं बघून शिवतात, मॅडम. शेजारणीला मागं कोण पाडंल?"

मागच्या फाटकाबाहेर विमल पाठमोरी बसली होती. पदराखाली बाळ. शेजारी तिची सासू, सटाण्याकडची, डोक्यावर ऊन घेऊन.

"पोरले भूक लागनी, बाई," सासू मला म्हणाली. जणू मी हिशोब मागायला आले होते.

विमल उठली नाही. "लेटर आणलंत का, मॅडम?"

"नाही."

"ह्यांना काम नाही सध्या. माझं गेलं तर आम्ही सटाण्याला परत. तिथं मशिन नाही, काही नाही."

मी परत फिरले. वाटेत एक कुलूपबंद खोली होती. दारावर पाटी: पाळणाघर. आत छतापर्यंत रिकामी खोकी. फॅक्टरीत तीसपेक्षा जास्त बायका असल्या की पाळणाघर लागतंच, तसा कायदा आहे. त्याचं रजिस्टरही असतं आणि ते मीच भरायचे. त्या दिवशी महिनाअखेर होती. सकाळीच मी लिहिलं होतं, उपस्थित बालके: आठ. माझ्या आधीच्या क्लार्कनेही आठच लिहिली होती. मी उतरवून काढायचे. चार महिने.

लेटर मी दुपारी टाइप केलं. 'श्रीमती जाधव रोज दहा वाजता मशिन सोडून मागील फाटकाबाहेर आपल्या तान्ह्या बाळाला पाजण्यास जातात. सबब त्यांना कामावरून कमी करण्यात येत आहे.' पाचला ते साहेबांपुढे ठेवलं. त्याच्याखाली सहीसाठी पाळणाघराचं रजिस्टर उघडून ठेवलं.

साहेबांनी लेटर वाचलं, पेनचं टोपण काढलं, आणि रजिस्टर बघितलं. मग लेटर पुन्हा वाचलं.

"हे असं कशाला लिहिलंत?"

"तुम्हीच म्हणालात, सर. जे घडतं ते."

"उद्या ही कोर्टात गेली तर हे दोन्ही कागद शेजारी ठेवतील. आत पाळणाघर, त्यात आठ मुलं, आणि ही बाहेर उन्हात पाजतेय."

"हो, सर."

मी टेबलाची कड बघत होते. मग पेनचं टोपण लागल्याचा आवाज आला. दोन्हीवर सही झाली नाही.

"खोकी गोडाऊनला हलवा. आणि तो तुमचा चार्ट..."

"जुन्या जागा देते, सर."

शकू आणि रंजना विमलच्या शेजारी परतल्या. तरी शिपमेंट शनिवारी नाही, सोमवारी गेली. त्याबद्दल मला मेमो मिळाला, आणि तो बरोबर होता. स्टॉपवॉचला एक बाई किती शिवते ते कळतं. ती कोणाच्या भरवशावर उठून जाते ते कळत नाही.

पुढच्या महिनाअखेरीला मी रजिस्टर सहीला नेलं. उपस्थित बालके: एक.

"आठांवरून एकदम एक?" साहेब म्हणाले. "इन्स्पेक्टर विचारेल, बाकीची सात कुठे गेली?"

"शाळेत घातली म्हणून सांगू, सर."

त्यांनी सही केली.