रॅमची एक पट्टी

त्या दुकानदाराचं वाईट व्हावं असं मला वाटत होतं, अजूनही वाटतं. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणी मला गरीब स्वभावाचा म्हातारा समजायला नको. शिक्षण माझं सातवी. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचे पार्ट जोडण्यात तीस वर्षं गेली. लिहायची सवय नाही, राग धरायची आहे.

आमच्या थेरगावच्या घरात कॉम्प्युटर आला तो मुलीसाठी. मुलगी शिकली, लग्न होऊन राजगुरुनगरला गेली, आणि तो डबा आमच्याकडं राहिला. त्यावर माझी बायको ट्रक चालवायची. खेळातला ट्रक. माल भरायचा, घाट चढायचा, दुसऱ्या गावाला खाली करायचा. लहानपणी तिचा बाप कांदा घेऊन बाजारात यायचा तेव्हा हिला मागं पोत्यांवर बसवायचा आणि भावाला पुढं ड्रायव्हरशेजारी. ते तिच्या मनात राहिलं होतं. खेळात कुणी आडवं आलं की हॉर्न दाबून ओरडायची, "सरक की मुडद्या!" मी मागं बसून भाजी निवडायचो. मी रिटायर झाल्यावर आमच्यात तसंच ठरलं होतं.

खेळ नीट चालावा म्हणून मीच त्यात रॅमची दुसरी पट्टी बसवली होती. टेबल मोठं असलं की पसारा जास्त मांडता येतो, तशी ती रॅम, असं मुलीनं फोनवर समजावलं होतं. डब्याचे स्क्रू आवळले आणि प्रत्येकावर पिवळ्या मार्करनं रेघ ओढली, निम्मी स्क्रूवर, निम्मी पत्र्यावर. कंपनीत लाइनवर आम्ही तसंच करायचो. बोल्ट आवळला की रेघ. नंतर कुणी तो फिरवला तर रेघ जुळत नाही, विचारायची गरजच पडत नाही.

बायकोला दुखणं लागलं त्याच दिवसांत कॉम्प्युटरचा पंखा घरघरायला लागला. मला दवाखान्याच्या खेपांतून वेळ नव्हता. डांगे चौकाकडच्या एका दुकानात टाकला. दोन दिवसांनी दुकानदार म्हणाला, "काका, उघडायची पण गरज पडली नाही. बाहेरूनच हवा मारली." मी उचलून घरी आणला. रेघा बघितल्या नाहीत. जन्मभर दुसऱ्यांचे बोल्ट तपासले आणि घरचे चार स्क्रू राहिले.

ट्रक अडकायला लागला. वळणावर थांबायचा आणि मग एकदम उडी मारून दरीत. औषधांनी तिच्या बोटांना मुंग्या यायच्या. तिनं माउस ठेवला आणि म्हणाली, "अहो, मपलेच हात चालत न्हाईत आता."

मी म्हणालो, "हां, तुझेच चालत नाहीत. पड जरा."

चिडून नाही म्हणालो, तिनं आराम करावा म्हणून म्हणालो. पण म्हणालो. तिनं स्क्रीनवर जुनी ओढणी टाकली. परत त्या खुर्चीत बसली नाही. पाच महिन्यांनी गेली.

वर्षश्राद्ध झाल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, हे भंगारात देऊ." देण्याआधी धूळ झटकावी म्हणून मी स्क्रूड्रायव्हर घेतला. चारही रेघा फिरलेल्या. आत दोन खाचा, त्यातली एक रिकामी.

मी फरशीवर बसलो. तिचे हात चांगले होते.

त्याच मिनिटाला दुकानात जाऊन त्याची गचांडी धरणार होतो. पण आधी खात्री, मग शिव्या. मुलगी नवा लॅपटॉप द्यायला निघाली होती. म्हटलं, "नवा नको. हाच चालला पाहिजे." तिनं मोबाइलवर बघून पट्टीची जात सांगितली. तसली वापरलेली पट्टी मी पिंपरीत जुन्या मालाच्या दुकानातून आणली, खाचेत दाबली आणि तिचा खेळ लावला. मला काही येत नाही. चार वेळा मी दरीत गेलो. पण अडकून नाही, माझ्या कर्मानं गेलो. पट्टी काढून बघितली, ट्रक अडकला. घातली, चालला.

मग रागाच्या भरात थांबलोच नाही. रखडणारी हार्ड डिस्क काढून छोटी एसएसडी टाकली. प्रोसेसर गार ठेवणारी पेस्ट वाळली होती, ती खरवडून नवी लावली. ग्राफिक्स कार्ड वापरलेलंच घेतलं, वेगळी वायर न लागणारं, कारण जुन्या पॉवर सप्लायला मोठं झेपत नाही. सगळं मिळून तिच्या एका महिन्याच्या औषधांपेक्षा स्वस्तात झालं. घाटातलं गवत हलताना दिसायला लागलं. ते तिनं कधी बघितलं नाही.

शनिवारी संध्याकाळी, दुकानात गर्दी बघून गेलो. पायरीवरूनच म्हणालो, "माझ्या कॉम्प्युटरातली पट्टी तू काढलीस."

"कुठला कॉम्प्युटर, काका?"

"न उघडता हवा मारलीस तो. स्क्रूच्या रेघा फिरल्यात."

त्यानं गिऱ्हाइकांकडं बघितलं, ड्रॉवर ओढला. "एका जुन्या पट्टीसाठी एवढा तमाशा? ह्या घ्या दोन."

"काका, तिसरी पण मागा, आज सेल लागलाय!" मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

मग मी सगळं सांगितलं. ट्रक, तिची बोटं, मी तिला म्हणालो ते, ती ओढणी. हसणं थांबलं. दुकानदार हळू आवाजात म्हणाला, "काका, चुकलं माझं. पण त्यांचेच हात चालत नाहीत, हे त्यांना मी सांगितलं का?"

त्याच्या तोंडात मारावंसं वाटलं. पट्ट्या तिथंच ठेवून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी प्लास्टिकची खुर्ची आणि मार्कर घेऊन त्याच्या दारासमोर बसलो. दुरुस्तीला कुणी आलं की म्हणायचो, "ताई, थांबा, आधी स्क्रूवर रेघ मारून घ्या." लोक कारण विचारायचे, मी सांगायचो. निम्मे तिथूनच परत फिरायचे. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

तो म्हणाला, "पोलीस बोलावतो." मी म्हणालो, "बोलव राव. त्यांच्या कॉम्प्युटरवर पण रेघ मारतो."

दोन महिने झाले. परवा तो चहाचे दोन ग्लास घेऊन बाहेर आला आणि माझ्या शेजारी पायरीवर बसला. "काका, आता गिऱ्हाइकासमोरच उघडतो सगळं. माफ करा. अजून किती दिवस?"

चहा मी घेतला. म्हणालो, "माफी मागायची ती बाई राहिली नाही. आपण दोघंही तिचेच चोर. तुला निदान छळायला मी तरी आहे."

त्यानं दोन्ही रिकामे ग्लास उचलले. मग म्हणाला, "उद्या पण येणार?"

"येणार," मी म्हणालो.