भागाबाईच्या वाडीतला पालक

करिष्मा मेश्राम चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत वाढली. वडील यार्डात पॉइंट्समन होते, गाड्यांसाठी रूळ बदलायचे. घरातली पीएचडी करणारी ती पहिलीच. शहराच्या कडेला पिकणारी भाजी खाणाऱ्याला आणि जमिनीला किती मानवते, हा तिचा विषय. शिष्यवृत्ती मिळेल या आशेवर पहिलं वर्ष तिने शिकवण्या घेऊन काढलं. शेवटी एका संस्थेने मुलाखतीला बोलावलं, आणि त्याच आठवड्यात प्रयोगशाळेचा अहवाल आला.

नाल्याकाठच्या बावीस वाड्यांमधली, म्हणजे लहान मळ्यांमधली, भाजी तिने तपासायला दिली होती. सगळ्यात जास्त शिसं निघालं भागाबाईच्या पालकात. भागाबाई तिची सख्खी आत्या. तिच्या वाडीमागे पूर्वी कुणी जुन्या बॅटऱ्या फोडायचं. ते बंद होऊन दहा वर्षं झाली होती, पण शिसं मातीत राहिलं होतं. करिष्माने आकडा पुन्हा पुन्हा वाचला. घरी तिच्या भावाच्या बायकोला, शालूवहिनीला, सातवा महिना होता. रक्त वाढावं म्हणून आत्या तिला रोज पालकाची जुडी पाठवायची.

दुपारी वहिनीच्या ताटातली भाजी तिने उचलून घेतली. कारण सांगितलं. वहिनी पोटावर हात ठेवून बसून राहिली. तिचं रक्त तपासायला दिलं. निकालाला चार दिवस होते.

मग करिष्मा आत्याकडे गेली. आत्याने सगळं ऐकून घेतलं.

"मी काय त्या लेकराले जहर चारून राहिली होती का?" ती म्हणाली, आणि फाटक लावून घेतलं.

तिसऱ्या दिवशी मुलाखत होती. वहिनीचा निकाल आला नव्हता. समितीतल्या एका बाईंनी विचारलं, हे लोक तुम्हाला पुन्हा वाडीत येऊ देतील का? करिष्माने पाठ केलेली उत्तरं सोडून दिली.

"मॅडम, त्यातली एक वाडी माझ्या आत्याची आहे. ती माझ्याशी बोलत नाही. मला फार भीती वाटते आहे," ती म्हणाली. "पैसे दिलेत तर आधी या वाड्यांतल्या बायकांचं रक्त तपासू द्या. भाजी नंतर."

बाहेर आल्यावर ती जिन्यातच बसली.

दुसऱ्या दिवशी वहिनीचा निकाल आला. शिसं वाढलेलं होतं, पण औषध द्यावं इतकं नव्हतं. पालक बंद करा आणि पुन्हा तपासा, असं डॉक्टरांनी सांगितलं. पुढे मुलगी झाली, वजन चांगलं भरलं. तिचीही तपासणी चालू आहे.

शिष्यवृत्तीचं पत्र मुलाखतीनंतर महिन्याभराने आलं. करिष्माची अट त्यांनी मान्य केली होती. तपासणीच्या पहिल्या दिवशी आत्या कुणी न बोलावता आली आणि तिने हात पुढे केला.

"घे रक्त. पण आकडा आधी मले सांगजो, मंग लोकायले."

आकडा वाईट होता. आत्यावर उपचार सुरू झाले. त्या वाडीत आता भाजीऐवजी झेंडू लावतात. नाल्याकाठच्या दोन बायका मात्र अजून करिष्माला फाटकातून आत घेत नाहीत.